बोगदा आला, ठेवते

आमच्या घरात फोन ठेवायची एक ठरलेली पद्धत होती. 'बरं, बाय' नाही, 'चल, नंतर बोलू' नाही. 'आई, बोगदा आला, ठेवते.' बस्स.

म्हणजे काय, ते डोंबिवलीकरांना आणि कल्याणकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मी सकाळी सव्वाआठच्या सुमाराची फास्ट पकडते. आई कल्याणला, पारनाक्याजवळच्या जुन्या घरात. तिचा दुसरा चहा आणि माझी गाडी एकाच वेळी असते. त्यामुळे डब्यात दोन्ही पाय जमिनीला टेकले (ही चैन आहे, हसू नका) की फोन वाजायचा. डबा विसरलीस का, सासूबाईंचा गुडघा कसा आहे, पंप चालू ठेवून तर नाही आलीस? आणि आईचं 'आणखी एक सांगायचं राहिलं' सुरू होईपर्यंत पारसिकचा बोगदा यायचा. नेटवर्क गुल. कान दडपलेले, दारातल्या पोरांची एकसुरात आरोळी, मग एकदम उजेड आणि खाडीचा वास. ठाणं!

हा बोगदा १९१६ साली सुरू झाला. लांबी साधारण १.३ किलोमीटर. फास्ट गाडीला तो पार करायला फार वेळ लागत नसे, पण त्याने किती संभाषणं वाचवली असतील त्याची गणतीच नाही! आमच्या डब्यातल्या एकीचं लग्न तर बोगद्यामुळे टिकलं, असं ती स्वतःच सांगायची. नवऱ्याशी फोनवर भांडण टिपेला पोचायचं तेव्हाच बोगदा यायचा, आणि ठाण्याला नेटवर्क येईपर्यंत दोघंही थंड झालेली असायची.

तर फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली आणि आमच्या फास्ट लोकलचा बोगद्याशी संबंध संपला. बोगदा आता लांब पल्ल्याच्या गाड्यांचा. आम्ही मुंब्र्याच्या अंगाने, डोंगराला वळसा घालून. गंमत बघा, १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. पण १ मे १८५४ ला ती पुढे कल्याणपर्यंत आली, हे कल्याणच्या मुलालाही कुणी सांगत नाही. तेव्हाची ती गाडीसुद्धा डोंगराला वळसा घालूनच आली होती. मग बासष्ट वर्षांनी बोगदा झाला, आणि त्यानंतर एकशे सहा वर्षांनी आम्ही परत वळशावर! प्रगती, प्रगती म्हणतात ती हीच.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. तीन वर्षं, अगदी इमानेइतबारे, मुंब्रादेवीचा डोंगर खिडकीबाहेर स्वच्छ दिसत असताना, नेटवर्कच्या चारही काड्या फुल असताना, मी म्हणत राहिले, "आई, बोगदा आला, ठेवते."

खोटं बोलायचं असलं की माणूस आधी छोटं बोलतं.

*

९ जून २०२५, सोमवार. मी ऑफिसात, बीकेसीला, मीटिंगमध्ये. फोन सायलेंटवर. बाहेर येऊन बघते तर आईचे अकरा मिस्ड कॉल. नवऱ्याचे चार. बाबांचा एक. बाबा फोन करत नाहीत, त्यामुळे त्या एकानेच पोटात गोळा आला.

मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली होती. त्या दिवशी चार जण गेले. कसाऱ्याकडे जाणारी एक गाडी, सीएसएमटीकडे येणारी दुसरी. माझी गाडी तासभर आधी त्याच वळणावरून गेली होती. त्याच वळणावर मी आईला 'बोगदा आला' म्हटलं होतं.

आईला म्हटलं, "अगं, मी काय दारात उभी असते का? मी आत असते. मधल्या लेडीजमध्ये. पंख्याखाली."

हे दुसरं खोटं. हे जरा मोठं होतं.

मग आठवडाभर टीव्हीवर चर्चा. रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या लोकलची घोषणा केली, हवा खेळती राहील अशी रचना असलेल्या साध्या डब्यांची घोषणा केली. चांगलंच आहे. पण त्या चर्चांमध्ये एसीत बसलेला एक तरी गृहस्थ दर वेळी विचारायचाच, "पण हे लोक दारात उभे राहतातच कशाला?" काका, एकदा या ना आमच्याकडे. डोंबिवलीला सकाळी आठ वाजता पाच नंबरवर उभे राहा. गाडी कल्याणहून, बदलापूरहून, टिटवाळ्याहून भरून आलेली असते. आत शिरणं हा निर्णय नसतो, ते नशीब असतं. मागचे ढकलतात तिथपर्यंत तुम्ही जाता. कधी पंख्याखाली, कधी दाराच्या दांड्याला. एसी लोकल आहे म्हणाल, तर मेन लाइनवर ती डिसेंबर २०२० पासून आहेच. पण तिचं टाइमटेबल आणि माझ्या ऑफिसचं पंचिंग यांची पत्रिका जुळत नाही, आणि तिचा पास काढला की महिनाअखेरीला माझी पत्रिका बिघडते.

काही जणी डाउन करून येतात. म्हणजे डोंबिवलीहून आधी उलटं कल्याणला जायचं आणि तीच गाडी मुंबईला निघाली की बसलेल्या जागेवरून हलायचं नाही. यात अर्धा तास जातो. शिवाय आमच्या डब्यात डाउन करून आलेल्यांना नजरेनेच फाशी देतात. सहावीला मी मुख्य राजधानी आणि उपराजधानी शिकले होते, पण लेडीज डब्यातल्या चौथ्या सीटचं राज्यशास्त्र त्याहून कठीण आहे.

डोंबिवलीवरचे दोन सिनेमे मला पटकन आठवतात. २००५ चा 'डोंबिवली फास्ट', ज्यात एक सरळमार्गी बँकवाला एके दिवशी पिसाटतो. आणि २०२२ चा 'झोंबिवली', ज्यात गावात झॉम्बी येतात. दोन्हींची प्रेरणा एकच असावी असा मला दाट संशय आहे. सकाळची गाडी.

*

आता जे सांगायचं टाळत इथपर्यंत आले ते सांगते.

जुलैमधला बुधवार. धो धो नव्हता, पण पिरपिर होती. दोन गाड्या रद्द, त्यामुळे तिसरीवर तीन गाड्यांचा लोंढा. मी दारात. एक पाय आत, दुसऱ्याची नुसती बोटं. दांडा ओला. दिव्यानंतर गाडीने वेग घेतला, वळण आलं, आतून सगळ्यांचं वजन एकदम दाराकडे आलं आणि माझा हात सुटला.

लिहायला चार शब्द. हात सुटला.

पडले नाही. म्हणून तर हे लिहितेय. माझ्या मागे, खरं तर बाजूला, एक बाई होती. तिने माझ्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा मुठीत धरला आणि मला आत ओढलं, कपड्याच्या दुकानात गठ्ठा ओढतात तसं. मी तिच्यावर आदळले. ती काही बोलली नाही. मी ठाण्यापर्यंत थरथरत होते. तिने पट्टा ठाण्यापर्यंत सोडला नाही. ठाण्याला गर्दी हलली, तेव्हा कानाशी म्हणाली, "उद्यापासून आत शीर. कितीही बोलू देत. शीर." आणि उतरली.

चेहरा मी नीट पाहिलाच नाही. मनगट पाहिलं. हिरव्या काचेच्या बांगड्या, मध्ये एक स्टीलचं कडं, आणि कोपरापाशी भाजल्याचा जुना डाग. बस्स.

ऑफिसात मी त्या दिवशी एक प्रेझेंटेशन दिलं. चांगलं झालं म्हणे. घरी कुणाला काही सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

*

त्याच आठवड्यातला शनिवार. आमच्याकडे महिन्यातला एक शनिवार हाफ डे असतो. मी प्लॅटफॉर्मवर उभी. फास्ट आली. दारातली गर्दी बघितली आणि पाय उचललाच जाईना. सोडली. दुसरी आली, सोडली. तिसरी तर त्यामानाने रिकामी होती, तीही सोडली. पलीकडच्या फलाटावर बदलापूरची गाडी उभी राहिली. जवळजवळ रिकामी. मी जिना चढून, पूल ओलांडून, उतरून तिच्यात कशी बसले मला नीट आठवत नाही. आठवतं एवढंच की मला विंडो सीट मिळाली आणि मी ठाकुर्लीपर्यंत बॉसला मेसेज टाईप करत होते, 'नॉट फीलिंग वेल.' ते मात्र खोटं नव्हतं.

कल्याण गेलं. (आईच्या स्टेशनावरून तिला न सांगता पुढे जाणं, हे शाळा बुडवण्याइतकं थरारक होतं.) विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. तिथे उतरले कारण लहानपणापासून ऐकलेलं एकच ठिकाण आठवलं.

अंबरनाथचं शिवमंदिर मी पूर्वी पाहिलं होतं असं मला वाटत होतं. महाशिवरात्रीला, आईचं बोट धरून, रांगेत. रांगेतून पुढच्या माणसाची पाठ दिसते, मंदिर दिसत नाही. पावसात, रिकाम्या शनिवारी सकाळी दहा वाजता ते मी पहिल्यांदा पाहिलं.

काळा बसाल्ट, भिजून आणखी काळा झालेला. शेजारून वालधुनी वाहते. एरवी तिला नदी म्हणायला धीर लागतो, पण जुलैत ती स्वतःची नदीपणाची लाज राखते. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीला एक वीतभर जागा कोरी सोडलेली नाही. देव, देवी, नर्तकी, हत्ती, वेली. काहींची नाकं गेलीत, काहींचे हात. भूमिज शैलीचं मंदिर आहे, असं अभ्यासक म्हणतात. मला शैली कळत नाही. मला एवढं कळलं की कुणीतरी या भिंतीसमोर वर्षानुवर्षं उकिडवं बसलं होतं आणि त्याला घाई नव्हती.

आतल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांचं राज्य. त्यांची राजधानी ठाणे, तेव्हाचं श्रीस्थानक. छित्तराजाने काम सुरू केलं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात ते पुरं झालं असं मानतात. मधल्या काळात नागार्जुन नावाचा आणखी एक भाऊ गादीवर येऊन गेला. म्हणजे एक प्रोजेक्ट, तीन मॅनेजर, आणि तरीही डिलिव्हरी! आमच्या ऑफिसात दोन मॅनेजर बदलले की प्रोजेक्टचं नावच बदलतं.

गाभारा सभामंडपाच्या खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. मी उतरायला लागले तर वरून एक काका म्हणाले, "ताई, जपून. ओल्या आहेत. भिंतीला धरा." धरलं. हजार वर्षांचा दगड, थंड, ओला, आणि अजिबात न हलणारा. वर शिखर अपुरं, त्यामुळे डोक्यावर आकाशाचा तुकडा आणि त्यातून पडणारा पाऊस. मी त्या खालच्या पायरीवर किती वेळ भिंत धरून उभी होते कोण जाणे. बुधवारपासून हाताला जो कंप होता तो तिथे थांबला. देवाने थांबवला की दगडाने, या वादात मी पडत नाही. सासूबाई पहिला पर्याय घेतील.

परतताना कल्याणला उतरले नाही. आईने चेहरा वाचला असता.

*

मग नोकरीचं. ऑगस्टमध्ये ठाण्याहून एक ऑफर आली. वागळे इस्टेटमधलं ऑफिस, काम जवळपास हेच, पगार महिन्याला अकरा हजारांनी कमी. अकरा हजार म्हणजे आमच्या घराच्या हप्त्याचा मोठाच तुकडा. नवरा म्हणाला, "तू ठरव." (नवरे हे वाक्य ज्या उदारपणाने म्हणतात त्यात एक जबाबदारी अलगद आपल्या ताटात वाढलेली असते.) मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस का, बीकेसी सोडून वागळे? सीव्हीवर कसं दिसेल?

बाबांना विचारलं. त्यांनी चौतीस वर्षं कल्याण-व्हीटी केलं. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अजून पहाटे पाचच्या आत जाग येते आणि मग करायचं काय म्हणून दूध आणायला जातात. मला वाटलं होतं ते म्हणतील, 'आम्ही नाही का केलं?' बहुतेक वडील तेच म्हणतात. ते म्हणाले, "माझ्या गाडीतले सहा जण होते. आमचा ग्रुप. पत्ते खेळायचो. शेवटी आम्ही पाचच होतो." सहाव्याचं काय झालं, ते चौतीस वर्षांत घरात कधी बोलले नव्हते. त्या दिवशीही पुढे बोलले नाहीत. दूध आणायला गेले. संध्याकाळचे सहा वाजले होते.

तरीही मी ऑफर लटकत ठेवली. शिवाय एक साधी गोष्ट: डोंबिवलीहून ठाण्याला जायचं तरी मुंब्र्याचं वळण लागतंच! स्लो घ्या, फास्ट घ्या. नाही म्हणायला २०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झालाय, स्कूटरवरून खाडी ओलांडता येते. पावसाळ्यात मात्र पुढच्या खड्ड्यांत मुंब्रा बरं म्हणायची वेळ येते.

*

डिसेंबरात मी कान्हेरीला गेले. रविवार, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, एका हेरिटेज वॉकबरोबर. ऑफिसच्या इन्स्टा-पिढीतल्या दोघी जाणार होत्या, म्हणून मीही. अपेक्षा: ऊन, गुहा, फोटो, मिसळ.

शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे. इसवी सनाच्या सुरुवातीपासून जवळजवळ हजार वर्षं माणसं तिथे राहिली, खोदत राहिली. आणि पाण्याची व्यवस्था अशी की डोंगरावर पडलेला पावसाचा थेंब वाया जाऊ नये: दगडात कोरलेले पाट, आणि त्यांच्या तोंडाशी लेण्यालेण्याला टाकी. त्या टाक्यांना लेखांत 'पोढी' म्हटलंय. वॉक घेणारा मुलगा ब्राह्मी अक्षरांवरून बोट फिरवत होता (हवेतच, दगडाला न लावता, ही शिस्त मला आवडली) आणि बोलता बोलता म्हणाला, "एक पोढी दिलीय कल्याणच्या सोनाराने. सामिदत्त त्याचं नाव."

कल्याणच्या?

माझे कान टवकारले. कान्हेरीच्या लेखांत कल्याणची माणसं बरीच आहेत म्हणे. व्यापारी, कारागीर. सातवाहनांच्या काळात कल्याण मोठं बंदर होतं. 'पेरिप्लस' नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवास-पुस्तिकेत कल्याणचं नाव आहे, आणि शेरा काय, तर या बंदरात जायला सध्या अडचण आहे, ग्रीक जहाज चुकून आलं तर पहाऱ्यात भडोचला पाठवतात. वाचून मी मोठ्याने हसले. म्हणजे कल्याणचं डायव्हर्जन दोन हजार वर्षं जुनं आहे! आणि आम्ही उगाच पत्री पुलाच्या नावाने बोटं मोडत होतो. (जुना पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये आला. मधली सव्वादोन वर्षं ज्यांनी काढली त्यांना कुठलंही जहाज कमीच.)

पण तो सोनार डोक्यातून जाईना. कल्याणहून निघायचं, खाडीने असेल, पायी असेल, माहीत नाही. या जंगलात, या चढावर यायचं. आणि द्यायचं काय? मूर्ती नाही, खांब नाही, स्वतःचं चित्र नाही. पाण्याचं टाकं. जो कुणी दमून वर येईल, ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्यासाठी पाणी. आणि वर नाव काय, तर 'कल्याणचा सोनार'. कुठली लोकल ते सांगितल्यासारखं.

नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं लिहून ठेवली आहेत. ग्रुप ट्रिपची अटेंडन्स, दुसरं काय! तोवर आमच्यातल्या एकीने लेण्याच्या दारात उभं राहून चेक-इन टाकलंच होतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मीही सतरा ग्रुपवर अभिनंदनाचा फॉरवर्ड पाठवला होता. आपली भाषा दोन हजार वर्षांची वगैरे. ते दोन हजार वर्षांपूर्वीचं प्राकृत कुठे दगडावर लिहिलंय, ते वाचता येतं का, आणि त्यात आपल्या गावाचं नाव आहे का, हे बघायला जावं असं मात्र मला वाटलं नव्हतं. कल्याणच्या शाळेत दहा वर्षं शिकले. तिथे सामिदत्त कुणी भेटवला नाही. दोष शाळेचाही नाही म्हणा. आम्ही सहलीला वॉटर पार्क मागायचो.

तिथूनच आईला फोन लावला.

"आई, अगं आपल्या कल्याणचा एक सोनार सापडला. कान्हेरीत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा."

आई म्हणाली, "कुठल्या आळीतला?"

मी हसत सुटले. ती गंभीर होती. तिला खरंच वाटत होतं की आळी कळली तर पुढचा पत्ता ती लावेल. मग मी टाक्याचं सांगितलं. आई जरा वेळाने म्हणाली, "पाणी दिलं म्हणजे बरं केलं. नाव लिहिलं ते ठीकच. पण नसतं लिहिलं तरी लोक प्यायलेच असते."

आणि कसं काय कोण जाणे, तिथे त्या कठड्यावर बसून, माकडं माझ्या सॅकवर नजर ठेवून असताना, मी तिला जुलैचं सगळं सांगून टाकलं. हात सुटल्याचं. पट्ट्याचं. मनगटाचं. शनिवारी तिच्या स्टेशनावरून गुपचूप पुढे गेल्याचंसुद्धा.

पलीकडून आवाज नाही.

"आई? हॅलो? कट झाला का?"

"नाही गं. ऐकतेय." मग म्हणाली, "आणि ते बोगदा आला, बोगदा आला करतेस ना, तो तुमच्या गाडीला बंद होऊन किती वर्षं झाली. मला पेपर वाचता येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुलाही कधीतरी फोन ठेवायचा असतो."

*

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या ऑफिसला होकार कळवला. त्यांनी जागा अजून भरली नव्हती, हे माझं नशीब. चार हजार वाढवून द्यायला तयार झाले, हे माझं घासाघीस करणं. राहिलेल्या सात हजारांचं बजेट नवरा आणि मी एक्सेलमध्ये बसवतोय. त्यात 'इतर' नावाचा एक कॉलम आहे, सगळं तिकडे ढकललंय.

डब्यात बातमी फुटली. एकीने सेंड-ऑफला ढोकळा आणायचं ठरवलंय, दुसरी म्हणतेय ढोकळा चुरडतो, वड्या आण. पाडव्याच्या शोभायात्रेला फडके रोडवर सगळ्यांनी भेटायचं ठरलंय. ही शोभायात्रा १९९९ साली डोंबिवलीने सुरू केली, बाकीच्या शहरांनी नंतर कॉपी मारली. हे बाहेरच्यांना दर वर्षी सांगावंच लागतं.

हिरव्या बांगड्यांची ती बाई मात्र मला जुलैनंतर दिसलेली नाही. डब्यात विचारून पाहिलं. स्टीलचं कडं आणि भाजल्याचा डाग म्हटल्यावर एकजण म्हणाली, "अगं, डाग तर इथे प्रत्येकीला आहे." आणि तिने आपला हात पुढे केला. मग शेजारणीने केला. कुकरचा, इस्त्रीचा, तव्याचा. सकाळची घाई सगळ्यांची सारखीच.

नोटीस पिरियडचे अजून बावीस दिवस आहेत. मी रोज त्याच गाडीला, त्याच डब्यात चढते. कोपरं मारत आत शिरते, लोक बोलतात ते ऐकून घेते, आणि वरच्या कड्या धरलेल्या हातांची मनगटं बघत ठाण्यापर्यंत जाते.